लाइट नसण्याची वेळ

आमच्या शाळेच्या भिंतीवर माझ्या नावाखाली ‘प्रभारी मुख्याध्यापिका’ असं रंगवलेलं होतं, आणि त्या ‘प्रभारी’ शब्दानं माझं डोकं फिरायचं. प्रभारी म्हणजे काय, तर काम सगळं तुमचं, बोलणी सगळी तुम्हाला, आणि खुर्ची मात्र तात्पुरती. गोरेगावच्या बाहेर तांड्यावरची आमची शाळा. खिचडीचा तांदूळ आला का बघा, पत्रे गळतात त्याचा रिपोर्ट पाठवा, ऊसतोडीला निघालेल्या आईबापांच्या हातापाया पडून लेकरं मागं ठेवून घ्या. हे सगळं मी वर्षानुवर्षं करत होते. कायमची ऑर्डर मागितली की वरच्या ऑफिसातून एकच उत्तर यायचं, ‘बघू.’ त्यांचं बघणं काही संपेना.

दोन हजार सालानंतर केव्हातरी ते संपलं. फर्मान निघालं, की ज्याच्याकडे मुदतीच्या आत सरकारी संगणक प्रमाणपत्र असेल त्यालाच कायम करायचं. शाळेत जुनी माणसं आम्ही दोघंच, मी आणि गुरुजी. नोकरीत मी आधी लागलेली, म्हणून मी पास झाले तर खुर्ची माझी. मी राहिले आणि गुरुजी पास झाले तर त्यांची. इतकं सरळ होतं.

गुरुजींबद्दल वाईट बोलणार नाही. मऊ माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत. आयुष्यात त्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही आणि कुणाचं कामही केलं नाही. वरून पत्र आलं की हसत घ्यायचे, ‘करतो साहेब’ म्हणायचे आणि पत्र कपाटात ठेवायचे. मी त्याच पत्रावरून साहेबाशी भांडायचे, चार शब्द ऐकून घ्यायचे आणि मग ते काम करायचे. वर्षाअखेरीस शेरा यायचा, गुरुजी ‘सहकार्यशील’, मी ‘वादग्रस्त’. घ्या!

संगणकाचा क्लास गोरेगावातच होता, खताच्या दुकानाच्या वरच्या माडीवर. खाली युरियाची पोती, वर कॉम्प्युटर. चपला जिन्यात काढायच्या. कॉम्प्युटरवर फुलाफुलांची कापडी झाकणं घातलेली. क्लास चालवणारा बी.एस्सी. झालेला तरुण, आमच्यापेक्षा वयानं निम्मा, पण फी भरली म्हणून आम्ही त्याला ‘सर’ म्हणायचो आणि तो बिचारा लाजायचा. विद्यार्थी कोण, तर तलाठी, ग्रामसेवक, दवाखान्यातल्या सिस्टरबाई आणि आजूबाजूच्या शाळांचे मास्तर. सगळे केस पिकलेले. ज्यांनी जन्मभर लोकांना रांगेत उभं केलं ते इथं माऊस धरायला रांगेत. तलाठ्याचा बाण पडद्याच्या कडेला गेला की ते माऊस टेबलावरून उचलून हवेत धरायचे आणि विचारायचे, “सर, आता पुढं जागाच न्हाई, कुठं नेऊ?”

तरी आमचं बरं चाललं होतं. मी तर घरी भाकरी थापतानासुद्धा ‘फाइल, एडिट, व्ह्यू’ म्हणायचे. नवरा म्हणायचा, वेड लागलं हिला. लागलंच होतं. मला ती ऑर्डर पाहिजे होती, आणि पाहिजे होती हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

अडचण आली ती अपडेटची. टेलिफोनच्या वायरीवरून इंटरनेट यायचं, आणि त्या वायरीतून कॉम्प्युटर आपलं थेंबथेंब काहीतरी उतरवून घ्यायचं. मग ठरलेली वेळ झाली की ते स्वतःच बसवून घ्यायचं आणि बंद होऊन परत चालू व्हायचं. ती वेळ मशीन विकणाऱ्यानं संध्याकाळी सहाची लावून दिलेली. नेमकी आमच्या क्लासची वेळ! तलाठ्यांनी आठवडाभर एका बोटानं ठोकत एक पत्र टाइप केलेलं, ते एका संध्याकाळी सहाला गेलं. पडदा काळा, पत्र गायब.

“सेव्ह केलं होतं का?” सरांनी विचारलं.

“तसा आदेश कुठं होता?” तलाठी म्हणाले.

म्हणून दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला सगळ्यांना एका मशीनभोवती गोळा केलं. अपडेट कधी घ्यायचं ते आपण ठरवू शकतो, असं म्हणाले आणि एक खिडकी उघडून दाखवली. आपोआप घ्या आणि त्याची वेळ सांगा. नाहीतर आणून ठेवा पण बसवायच्या आधी मला विचारा. नाहीतर नुसतं कळवा. नाहीतर बंदच करा. “मी म्हणतो बंदच करू,” सर म्हणाले, “परीक्षा होईपर्यंत तकलीफ नको.” आणि त्यांनी बंद केलं.

तर पडद्याच्या कोपऱ्यात लाल रंगाची ढाल उगवली. शेजारी मजकूर आला, की हा संगणक धोक्यात असू शकतो.

अगं बाई, काय सांगावं! सगळे एक पाऊल मागं सरकले. सरकारी माणसाला साप चालेल, लाल शेरा चालत नाही. सिस्टरबाईंनी तर पदर तोंडाला लावला.

“सर, ते लाल पुसा आधी,” ग्रामसेवक म्हणाले.

“अहो, त्याला काही अर्थ नाही.”

“तुमी नोकरीत न्हाई म्हणून असं बोलून राहिले. उद्या तपासणीला कोणी आलं अन् प्रत्येक मशीनवर लाल दिसलं, तर वर काय जाईल? क्लासमधे बसणारे कोण कोण होते, त्याची नावं जातील.”

सर हरले. ढाल हिरवी पाहिजे म्हणजे अपडेट चालू पाहिजे. ‘मला विचारा’ हा पर्याय सगळ्यांनी एका तोंडानं नाकारला. त्यानं विचारलं आणि आपण उत्तर दिलं, तर उत्तराची जबाबदारी कुणाची? म्हणून राहिलं ‘आपोआप’. आता वेळ.

मशीन स्वतःहून पहाटे तीनची वेळ सुचवत होतं. सर म्हणाले, “हीच ठेवू. रात्री मशीन बंदच असतं. वेळ टळली की ते दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेची वाट बघतं. म्हणजे कधी त्रासच नाही.”

मला पटलं. मी तसं म्हटलंही. पण ग्रामसेवकांनी मान हलवली. “पहाटे तीनला सरकारी काम? दिसायला बरं दिसत न्हाई. चौकशी लागली तर म्हणतील, हे लोक पहाटे तीनला काय करून राहिले होते?” सिस्टरबाई म्हणाल्या की राहुकाळ तेवढा टाळा. मी म्हटलं, “आमच्या घरी मुहूर्त बघायची रीत न्हाई. सकाळची वंदना झाली की कामाला लागायचं. यंत्राला कुठला आलाय राहुकाळ?” तर म्हणे, बाई, तुमचं सगळ्यातच वेगळं. तास दीड तास हा गोंधळ. कॉम्प्युटर बिचारं आमच्या तोंडाकडे बघत बसलेलं.

शेवटी गुरुजी बोलले. ते कधी बोलत नाहीत म्हणून सगळे गप्प झाले.

“वेळ ऑफिसची पाहिजे,” ते हळूच म्हणाले. “दुपारी बारा. कोणी काही म्हणू शकत न्हाई. अन् बाराला लाइट असते का?”

नसायची. त्या काळात आमच्याकडे अकरापासून दुपारभर लोडशेडिंग. त्या वेळात गावात पंखा फिरत नव्हता, गिरणी चालत नव्हती, आणि क्लासला कुलूप असायचं. बाराची वेळ दिली म्हणजे अपडेट रोज येणार होतं आणि कधीच येणार नव्हतं. ढाल हिरवी, कागदोपत्री सगळं बराबर, आणि काम मात्र होणार नाही. मी जन्मात एवढ्या टाळ्या ऐकल्या नाहीत. तलाठ्यांनी गुरुजींच्या पाठीवर थाप मारली. मीसुद्धा हसले. आयुष्यभराची कला त्या माणसानं कॉम्प्युटरला शिकवली होती. सरांनी सगळ्या मशीनवर दुपारचे बारा लावले, आणि पुढं महिनोन्‌महिने एकाही मशीननं मान वर केली नाही.

मग परीक्षेची तारीख आली. मुदतीच्या आतली ती शेवटची परीक्षा. वेळ काय, तर दुपारी साडेअकरा ते साडेबारा!

आता सगळ्यांचे चेहरे पडले. लोडशेडिंगमध्ये परीक्षा कशी द्यायची? बॅटरी पंधरा मिनिटं टिकायची. जनरेटर भाड्यानं मिळायचा, पण तो चालू झाला की स्वतःचा विचारसुद्धा ऐकू यायचा नाही. मी म्हटलं, विजेच्या ऑफिसात अर्ज करू, की तेवढ्या दिवशी दुपारी लाइट द्या. सगळ्यांना पटलं. अर्ज कोण लिहिणार? बाई, तुमचं अक्षर चांगलं. पहिली सही कुणाची? बाई, तुमीच करा, तुमी प्रभारी. मी केली. माझ्या सहीखाली मग सगळ्यांनी गिचमिड सह्या केल्या, कुणाचं नाव वाचता येऊ नये इतक्या. मी स्वतः जीपनं जाऊन तो अर्ज साहेबाच्या टेबलावर ठेवून आले. त्या साहेबाला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, तो म्हणाला, “शिकणाऱ्या माणसांसाठी देऊ की.” मी जिना उतरताना जवळजवळ पळतच होते. सरकारी ऑफिसात मी काहीतरी मागितलं आणि ते मिळालं, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालं होतं.

बाराच्या अपडेटचं तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सरांच्यासुद्धा नाही. जे कधी होतच नाही ते कोण ध्यानात ठेवतं?

परीक्षेच्या दिवशी भर दुपारी पंखे गरगर फिरत होते. सगळे वर बघून हसत होते. परीक्षेवर देखरेखीला बाहेरून एक साहेब आले होते. नियमाप्रमाणे त्यांनी क्लासच्या सरांना खोलीबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मग कडक आवाजात वाचून दाखवलं, “परीक्षा चालू असताना जो बोलेल त्याचा निकाल रोखला जाईल आणि वर अहवाल जाईल.” पन्नाशीला टेकलेली माणसं, सगळ्यांनी हो हो करून माना हलवल्या.

मला सगळं येत होतं. खरंच येत होतं. एकेक प्रश्न सुटत होता आणि मला मनातून उकळ्या फुटत होत्या. बारा वाजले तशी मशीनं घरघरायला लागली. बाण जड झाला. आणि थोड्या वेळानं पडद्यावर खिडकी आली, की अपडेट बसवून झालं आहे, संगणक पाच मिनिटांत बंद होऊन पुन्हा चालू होईल. खाली सेकंद उलटे पळायला लागले. ‘आत्ता करा’ हे बटण ठळक, आणि ‘नंतर करा’ हे बटण फिकट, दाबता न येणारं. महिनोन्‌महिने अडवून ठेवलेलं सगळं एकदम आलं होतं. कारण काय, तर लाइट होती.

साहेबांनी एका पडद्यावर बघितलं, दुसऱ्यावर बघितलं. त्यांचा चेहराही आमच्यासारखाच झाला. “कुणी कशाला हात लावू नका,” ते म्हणाले, “मी वर विचारतो.” आणि मोबाइल घेऊन गॅलरीत गेले. गोरेगावात तेव्हा मोबाइलला रेंज म्हणजे एका कोपऱ्यात उभं राहून आकाशाकडे तोंड करायचं. ते तसे उभे राहिले आणि हॅलो हॅलो करत राहिले.

आत सगळ्यांनी हात बांधले. खरंच, पहिलीतल्या पोरांसारखे हाताची घडी घालून बसले आणि उलटे पळणारे आकडे बघत राहिले.

मला सरांनी शिकवलेलं आठवत होतं. परीक्षेच्या पडद्यावर कोपऱ्यात ‘परीक्षा संपवा’ असं बटण असतं. ते दाबलं की जेवढं सोडवलं तेवढं मोजलं जातं. दाबायच्या आधीच मशीन बंद पडलं, तर सगळं पाण्यात. पास होण्यापुरतं माझं झालेलं होतं. वीस-पंचवीस प्रश्न राहिले, राहू देत मेले. मी बटण दाबलं. पडदा क्षणभर थबकला आणि त्यावर आलं, ‘उत्तीर्ण’.

झालं. माझी खुर्ची झाली. आता मला फक्त गप्प बसायचं होतं.

मी डावीकडे बघितलं. गुरुजी. हात बांधलेले, डोळे त्या आकड्यांवर. त्यांचंही बरंचसं सोडवून झालेलं दिसत होतं. पलीकडे सिस्टरबाई, त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि पदरानं पुसायचीसुद्धा भीती. कोपऱ्यातलं ते बटण सगळ्यांसमोर होतं आणि कुणीही दाबत नव्हतं, कारण हात लावू नका असं सांगून साहेब गेले होते. दोन मिनिटं उरली होती. गॅलरीतून हॅलो हॅलो चालूच.

माझ्यानं बघवेना. राग आला मला. इतका राग, की कानशिलं तापली.

“अरे, हात काय बांधून बसलात!” मी ओरडले. वर्गात ओरडते तशीच. “कोपऱ्यातलं ‘परीक्षा संपवा’ दाबा! सगळ्यांनी! लवकर!”

आणि काय सांगू, पटापट दाबलं की हो सगळ्यांनी! त्यांना फक्त कुणाचातरी आदेश पाहिजे होता. गुरुजींच्या पडद्यावर ‘उत्तीर्ण’ आलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सिस्टरबाईंच्याही. तोवर एकेक करत पडदे काळे झाले आणि मशीनं ढँणकन वाजून नव्यानं चालू व्हायला लागली.

साहेब आत आले. वरून उत्तर मिळालं होतं, ‘परिस्थिती जैसे थे ठेवावी.’ त्यांनी काळ्या पडद्यांकडे बघितलं आणि विचारलं, “कोण बोललं?”

गुरुजी टेबलाकडे बघत होते. तलाठी माऊस पुसत होते. कुणीतरी निदान ‘साहेब, त्या बोलल्या म्हणून आमचं वाचलं’ एवढं म्हणेल असं मला वाटलं. कुणी म्हटलं नाही. मी उभी राहिले आणि सांगितलं की मी बोलले.

माझा निकाल रोखला. बाकी सगळे पास.

मग चौकशी बसली. क्लासच्या सरांनी सांगितलं, वेळ वर्गानं ठरवली. वर्गानं सांगितलं, वेळ एकमतानं ठरली. कुणी सुचवली ते कुणालाच आठवेना. गुरुजींनी लिहून दिलं, ‘चर्चेअंती निश्चित करण्यात आली.’ बाकीच्यांनी त्यांचंच वाक्य उतरवून दिलं. विजेच्या ऑफिसनं कळवलं, आम्ही नियमाप्रमाणे लाइट बंदच ठेवणार होतो, पण अर्ज आला. मोठमोठ्या डोक्यांनी विचार करून निष्कर्ष काढला, की लाइट नसती तर हा प्रकार घडलाच नसता. आणि मला खुलासा मागितला. एक, परीक्षेच्या खोलीत आपण का बोललात. आणि दोन, लोडशेडिंगच्या वेळेत लाइटची मागणी आपण कोणत्या हेतूनं केली.

हेतू! मी ते पत्र वाचून आधी हसले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवरा म्हणाला, माफी लिहून दे, मिटून जाईल. मी म्हटलं, कशाची माफी लिहू, लाइट मागितली त्याची? शेवटी लिहिलं, की परीक्षा देता यावी म्हणून लाइट मागितली आणि लोकांचं नुकसान होऊ नये म्हणून बोलले. ते उत्तर असमाधानकारक ठरलं.

माझा निकाल त्यांनी सोडला, पण मुदत निघून गेल्यावर. तोपर्यंत गुरुजींची ऑर्डर आली होती. भिंतीवरचं माझं नाव पुसून त्यांचं रंगवलं. रंगवणाऱ्यानं ‘प्रभारी’ लिहायला घेतलं, तर गुरुजींनी त्याला थांबवलं. एवढं त्यांनी स्वतःहून केलं.

खुर्चीत बसल्याच्या पहिल्या दिवशी ते माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. हातात पेढ्याचा पुडा. पोरं पाढे म्हणत होती, त्यांना मी गप्प केलं.

“बाई,” ते म्हणाले, “एक सांगू का? त्या दिवशी तुमी गप बसल्या असत्या, तर आज मी न्हाई, तुमी तिथं असत्या.”

“माहीत आहे मला.”

“मग काहून बोलल्या?”

पुडा हिसकून खिडकीबाहेर फेकावा असं वाटलं. म्हटलं, “गुरुजी, तुमच्याकडं बघवत नव्हतं मला. हात बांधून बसला होता तुमी.”

त्यांचे डोळे भरले. खोटं नव्हतं ते. ते मला म्हणाले, “तुमचे उपकार हायेत, बाई.” थोडा वेळ तिथंच घुटमळले, आणि मग आवाज आणखी खाली करून म्हणाले, “उद्या तपासणीला साहेब येऊन राहिलेत. वर्गखोल्यांचं विचारतील, पोरांच्या हजेरीचं विचारतील. तुमीच बोला त्यांच्याशी. तुमाला बोलता येते.”

मी त्यांच्या हातातून पुडा घेतला. मग पेढे पोरांत वाटून टाकले, एकही स्वतः खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. गुरुजी खुर्चीत बसले, आणि बोलले मीच.